पॉझिटिव्ह आलं, म्हणजे नेमकं काय आलं?

नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करते. सकाळी रक्त काढायचं, दुपारी नमुने लावायचे आणि संध्याकाळी काउंटरवर बसून रिपोर्टची पाकिटं द्यायची. रिपोर्टचा अर्थ सांगणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण पाकीट लोक माझ्यासमोरच फोडतात, आणि वाचताना त्यांचा चेहरा मलाच दिसतो.

गेल्या जूनमध्ये एक बाई आल्या. त्यांच्या मुलीच्या कॉलेजात सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या एका रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं, शिबिर झालं होतं. हातात चिठ्ठी होती, चेहऱ्यावर हसू होतं. "मॅडम, पोरीचं पॉझिटिव्ह आलं म्हणून राहिले. मंग चांगलंच झालं न?" मी त्यांना एवढंच सांगितलं की आणखी एक तपासणी लागेल, आधी डॉक्टरांना भेटा. दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या वेळेला त्या दारात उभ्या. रात्री भावाचा फोन आला होता. "पॉझिटिव्ह म्हणजे रोग निघाला," असं तो म्हणाला होता. मुलीचं लग्न भंडाऱ्याकडे ठरत आलं होतं.

आदल्या दिवशीचं हसू आणि दुसऱ्या दिवशीचं रडू, दोन्ही एकाच शब्दामुळे. आणि दोन्ही चुकीचं. म्हणून हा लेख.

शब्द मुळात कुठला?

'पॉझिटिव्ह'चं मूळ लॅटिनमधल्या 'ठेवणं, मांडणं' या अर्थाच्या क्रियापदात आहे. पॉझिटिव्ह म्हणजे मांडलेलं, घालून दिलेलं. कायद्याच्या अभ्यासात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. तिथे 'पॉझिटिव्ह लॉ' म्हणजे कुणीतरी अधिकाराने घालून दिलेला कायदा. तो न्याय्य असेल किंवा अन्यायाचा असेल, विधिमंडळाने केला की तो पॉझिटिव्ह.

जे मांडून ठेवलं ते पक्कं. त्यावरून 'खात्रीचं' हा अर्थ आला. इंग्रजीत एखादा म्हणतो, मी पॉझिटिव्ह आहे, तेव्हा त्याला 'माझी खात्री आहे' असं म्हणायचं असतं. शाळेत आपण विशेषणाच्या तीन डिग्र्या शिकलो, त्यात पहिली पॉझिटिव्ह. तिथे ती सगळ्यात साधी आहे, नुसतं 'उंच'. 'जास्त उंच' आणि 'सगळ्यात उंच' नंतर येतात.

'चांगलं, आशावादी, उमेद देणारं' हा अर्थ यातला सगळ्यात तरुण. तो खऱ्या अर्थाने विसाव्या शतकात रूढ झाला. आपल्याकडे मात्र तोच आधी पोचला, सकाळच्या सुविचारांतून आणि भाषणांतून. मग दवाखान्यातला पॉझिटिव्ह आला आणि दोघांची गाठ पडली. त्या बाईंनी पहिला अर्थ धरला, भावाने दुसरा.

नुसतं नाव, गुण नव्हे

इन्व्हर्टरच्या बॅटरीला दोन टोकं असतात. लाल वायर पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह. लाल टोक चांगलं आणि काळं वाईट, असं कुणीच म्हणत नाही. दोन्ही नसतील तर पंखा फिरणार नाही.

ही नावं बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास दिली. वीज हा एक प्रवाही पदार्थ आहे, तो जिथे जास्त तिथे पॉझिटिव्ह आणि जिथे कमी तिथे निगेटिव्ह, अशी त्यांची कल्पना होती. दीडशे वर्षांनी, १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, आणि तारेतून वाहणारा हा कण निगेटिव्ह बाजूचा निघाला. म्हणजे आपण पॉझिटिव्हकडून निगेटिव्हकडे वीज वाहते असं म्हणतो, पण तारेतले इलेक्ट्रॉन उलटे जातात. तरी नावं बदलली नाहीत, कारण त्याने कुणाचंच अडत नव्हतं. दोन टोकांना वेगळं ओळखता आलं म्हणजे झालं. मराठीत यालाच धन आणि ऋण म्हणतात. तिथेही 'धन' म्हणजे पैसा नाही.

बँकेकडून 'पॉझिटिव्ह पे'चे मेसेज येतात, त्यानेही अनेकजण गोंधळतात. यात पॉझिटिव्ह आहे तो 'खात्रीचं' या अर्थाने. तुम्ही मोठ्या रकमेचा चेक दिला की त्याचा नंबर, तारीख, कुणाच्या नावाने आणि किती रकमेचा, हे बँकेला आधीच कळवायचं. चेक वटायला आला की बँक दोन्ही पडताळून पाहते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आणली. कुणी खाडाखोड केली असेल तर ती तिथेच सापडते.

जिथे पॉझिटिव्हच घातक असतं

गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी किंचाळी येते. माईकमधला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, पुन्हा शिरतो. शास्त्रात याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. जे चाललंय त्यालाच आणखी रेटा देणारी फेरी.

उलट मे महिन्यात नागपूर ४५ अंशांच्या पार गेलं की आपल्याला जगवतो तो निगेटिव्ह फीडबॅक. अंग तापलं की घाम सुटतो, घाम वाळताना अंग थंड होतं, थंड झालं की घाम कमी होतो. जे वाढतंय त्याला मागे ओढणारी ही फेरी. उष्माघातात ती मोडते. घाम पुरेनासा होतो, ताप चढत जातो. दुकानातला कर्मचारी 'पॉझिटिव्ह फीडबॅक द्या' म्हणतो तेव्हा त्याला कौतुक हवं असतं. डॉक्टर आणि इंजिनिअर तोच शब्द उच्चारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा कसली तरी काळजी लागलेली असते.

तपासणीतलं पॉझिटिव्ह: सापडलं

आता माझ्या कामाकडे येते. प्रत्येक तपासणी हा एक प्रश्न असतो. अमुक गोष्ट या नमुन्यात आहे का? पॉझिटिव्ह म्हणजे आहे. निगेटिव्ह म्हणजे नाही, किंवा निदान आम्हाला सापडली नाही. ती गोष्ट हवीशी आहे की नकोशी, हे तपासणीला माहीत नसतं. गरोदरपणाची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून एक बाई आमच्या काउंटरवर पेढे ठेवून गेली आहे. तीच चाचणी, तेच उत्तर पाहून दुसरी बाई बाकावर तासभर गप्प बसून राहिलेली मी पाहिली आहे.

रक्तगटाचं पाहा. 'बी पॉझिटिव्ह'मधलं पॉझिटिव्ह म्हणजे तुमच्या तांबड्या पेशींवर आरएच नावाच्या घटकांपैकी 'डी' हा घटक आहे. एवढंच. भारतात शंभरात साधारण पाच जणांकडे तो नसतो, त्यांना निगेटिव्ह म्हणतात. त्यांच्या रक्तात कसलीही कमतरता नाही. काळजी घ्यावी लागते ती एका प्रसंगी. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मिसळल्यावर तिचं शरीर 'डी'विरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे लढायची हत्यारं, तयार करू शकतं. पुढच्या गरोदरपणात ती बाळाच्या रक्तावर तुटून पडतात. म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. एवढ्या साध्या माहितीअभावी दुसरं मूल दगावू नये. पत्नीचा गट निगेटिव्ह असेल तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात अवघड असतो स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट. एकाच कागदावर हे दोन शब्द चार-पाच वेळा येतात आणि दर वेळी त्यांचा रोख वेगळा असतो. 'नोड पॉझिटिव्ह' म्हणजे रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचलाय. ही वाईट बातमी. 'मार्जिन निगेटिव्ह' म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला रोगाच्या पेशी नाहीत. ही चांगली. 'ईआर पॉझिटिव्ह' म्हणजे त्या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या जोरावर वाढतात. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण तो जोर तोडणाऱ्या गोळ्या आहेत, त्यामुळे उपचाराला एक वाट मिळते. 'ट्रिपल निगेटिव्ह' ऐकून एका नवऱ्याने माझ्यासमोर देवाला हात जोडले होते. तीनदा निगेटिव्ह, म्हणजे तीनदा सुटलो असं त्याला वाटलं. खरं तर त्याचा अर्थ असा की गोळ्या-इंजेक्शनांना धरायला जे तीन खुंटे लागतात, त्यातला एकही इथे नाही. हा प्रकार जास्त अवघड. उपचार त्यालाही आहेत, पण वेगळे.

त्या तीन खुंट्यांपैकी एक 'हर-टू' नावाचं प्रथिन. पूर्वी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे झपाट्याने पसरणारा रोग, एवढंच कळायचं. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते नेमकं त्याच खुंट्याला धरतं. रिपोर्टवरचा शब्द आजही तोच आहे, पण तो वाचणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आता औषध आहे.

"पण पॉझिटिव्ह म्हणजे सापडलंच ना? मग पुन्हा तपासणी कशाला?"

हा प्रश्न रोज येतो, आणि त्यात पैसे उकळण्याची शंकाही असते. म्हणून जरा थांबून सांगते.

सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात शिरताना दाराची चौकट वाजते. ती वाजली म्हणून पोलिस बेड्या घालत नाहीत. चौकटीला फक्त धातू कळतो. किल्ल्या, पट्टा, नाणी, चाकू, सगळ्यांना ती सारखीच वाजते. म्हणून बाजूला उभं करून पुन्हा तपासतात. पहिली तपासणी अशीच मुद्दाम 'वाजरी' ठेवलेली असते. दहाजणांना उगाच थांबवलं तरी चालेल, पण एकही सुटता कामा नये.

आकड्यात पाहू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. समजा एका गावात १,००० माणसं आहेत आणि त्यातल्या १० जणांना एक आजार आहे. तपासणी त्या दहाही जणांना पकडते, पण निरोगी माणसांपैकी १०० मागे ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. निरोगी ९९०, त्यांच्यातून साधारण ५० चुकीचे. म्हणजे एकूण ६० जणांच्या हातात 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद, आणि खरा आजार फक्त १० जणांना. सहात एक. चुकीच्या त्या ५० निकालांना फॉल्स पॉझिटिव्ह, खोटं पॉझिटिव्ह, म्हणतात. तपासणी वाईट नाही. आजार विरळ असला की असं होतंच.

नागपूरकरांनी खोटं पॉझिटिव्ह डोळ्यांनी पाहिलंय. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. तेव्हा शहाण्या माणसांनी काय विचारलं? बाकीच्या केंद्रांवर किती आहे? त्यातल्या काही ठिकाणी आकडा बराच खाली होता, आणि सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. दुसरी तपासणी म्हणजे दुसऱ्या केंद्रावरचा आकडा विचारणं. म्हणूनच लक्षणं नसलेल्या माणसाला एचआयव्ही पॉझिटिव्ह ठरवण्याआधी आपल्याकडे तीन वेगवेगळ्या तपासण्या करतात.

उलटही होतं. संसर्ग नुकताच झाला असेल तर एचआयव्हीची तपासणी सुरुवातीचे काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, कारण ती जे शोधते ते रक्तात अजून तयारच झालेलं नसतं.

सिकलसेलचं पॉझिटिव्ह

आता त्या माय-लेकींकडे. विदर्भात हा आजार घराघरात माहीत आहे, आणि तरी त्याच्याबद्दलचा गैरसमज अजून जात नाही.

तांबड्या पेशीत प्राणवायू वाहणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असला की प्राणवायू सोडल्यावर ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. तशा दुखण्याने कळवळणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या वेदनेला उपमा देत नाही.

हा गुण आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन प्रतींत येतो. दोन्ही प्रती चांगल्या तर 'एए'. एक चांगली, एक बदललेली तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो शाळेत जातो, शेतात राबतो, पोलिस भरतीला धावतो. वाहक पुढे जाऊन रुग्ण होत नाही. हे वाक्य मी रोज कुणाला तरी दोनदा सांगते. मलेरियाच्या गंभीर आजारापासून वाहकाला काहीसं संरक्षणही मिळतं. मलेरियाच्या मुलखात हा गुण पिढ्यानपिढ्या टिकला तो त्यामुळेच.

शिबिरात जी होते ती सोल्युबिलिटी तपासणी. एका द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि ती नळी रेघा आखलेल्या कागदासमोर धरायची. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. आता मुद्दा असा की द्रावण 'एएस'लाही गढूळ होतं आणि 'एसएस'लाही. ही तपासणी फक्त एवढंच सांगते की बदललेलं हिमोग्लोबिन आहे. एक प्रत की दोन, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे काढून प्रत्येकाचं प्रमाण मोजलं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी फसवते, कारण त्याच्यात जन्मापूर्वीचं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक असतं. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचाही निकाल भरवशाचा नसतो.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं ध्येय. म्हणजे येत्या काळात 'पॉझिटिव्ह' लिहिलेल्या चिठ्ठ्या वाढणारच आहेत. माझी कळकळ एवढीच, की ती चिठ्ठी हातात आल्यावर लग्न मोडायच्या आधी पुढची तपासणी व्हावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

"मराठीत सांगितलं असतं तर एवढा गोंधळ झाला नसता"

मलाही असंच वाटायचं. पण 'पॉझिटिव्ह'साठी आपण 'सकारात्मक' घेतला आणि गोंधळ घट्ट केला. 'अहवाल सकारात्मक आला' असं वाचल्यावर कुणालाही आनंदच होईल. एकाच शब्दाचे अनेक अर्थ ही काही इंग्रजीची खोड नाही. आपला 'पक्ष' पाहा. पितृपक्ष, राजकीय पक्ष, कोर्टातला पक्षकार. आपण गोंधळत नाही, कारण आजूबाजूचे शब्द साथ देतात. रिपोर्टवर तो शब्द एकटाच छापलेला असतो, सोबतीला कुणी नाही.

याला चांगला उपाय आहे, आणि तो काही रिपोर्टवर दिसतोही. पीसीआरच्या कागदावर 'डिटेक्टेड' किंवा 'नॉट डिटेक्टेड' असतं. आपण सरळ लिहावं: 'आढळलं', 'आढळलं नाही'. आणि काय आढळलं ते त्याच ओळीत. शिबिराच्या चिठ्ठीवर 'सिकल हिमोग्लोबिन आढळलं, वाहक की रुग्ण हे पुढच्या तपासणीनंतर' एवढं असतं, तर त्या बाईंची एक रात्र वाचली असती.

"हे सगळं डॉक्टर सांगतीलच की"

सांगतील. पण रिपोर्ट आता रात्री नऊला मोबाइलवर येतो आणि डॉक्टर भेटतात दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात भाऊ, शेजारी आणि इंटरनेट असतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. या तपासणीने नेमकं काय शोधलं? ही पहिली चाचपणी आहे की पक्की तपासणी? आणि आता आम्ही काय करायचं? ओपीडीत कितीही गर्दी असली तरी हे तीन प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे.

त्या मुलीची एचपीएलसी झाली. 'एएस' आलं, म्हणजे ती वाहक. आईने विचारलं, "मंग तिकडं सांगाचं का लपवाचं?" सांगायचं, डॉक्टर म्हणाले, आणि मुलाचीही हीच तपासणी करायची. तोही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता चारात एक असते. तो 'एए' असेल तर बाळ फार तर आईसारखं वाहक होईल.

भंडाऱ्याहून मुलगा स्वतः रक्त द्यायला आला. दोन दिवसांनी त्याचं पाकीट न्यायला त्याच्यासोबत त्या बाईही आल्या होत्या. त्याने कागद उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यावर पॉझिटिव्ह नव्हतं, निगेटिव्हही नव्हतं. 'एए' अशी दोन अक्षरं होती. त्यांनी बोट ठेवून ती वाचली, आणि या वेळी मला काहीच विचारलं नाही.